शाळेचा नकाशा काढण्याआधी बाबासाहेबांची शाळा पाहूया

गेल्या वर्षी आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाने वस्तीला लागून एक शाळा बांधायचे ठरवले. तालुक्याच्या गावाबाहेर थोडी जागा मिळाली, समाजातल्या नोकरदार मंडळींनी वर्गणी दिली आणि ओळखीच्या एका इंजिनिअरने नकाशा काढून दिला. नकाशा टेबलावर पसरून आम्ही बसलो. पहिले दोन तास प्रवेशद्वाराची कमान केवढी असावी, पुतळा कुठे बसवावा आणि दर्शनी भागाला रंग कोणता द्यावा, यावरच गेले.

मग आमच्यातल्या एका ताईंनी विचारले की पिण्याचे पाणी कुठे आहे? नकाशात ते दाखवलेलेच नव्हते. मुलींची स्वच्छतागृहे मैदानाच्या पार टोकाला होती आणि वाचनालयासाठी जिन्याखालची खोली ठेवली होती. खोली खोली करून इमारत तयार झाली होती, पण मूल सकाळी आत आल्यापासून संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत काय करील, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

त्या बैठकीनंतर आम्ही नकाशा गुंडाळून ठेवला आणि बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. या वेळी एकच गोष्ट शोधत वाचले. शाळेच्या इमारतीने आणि शाळेच्या दिनक्रमाने त्यांना काय दिले, काय नाकारले, आणि स्वतः संस्था उभ्या करताना त्यांनी त्यातून काय केले? जे हाती लागले ते शाळा, अभ्यासिका किंवा वसतिगृह उभारायला निघालेल्या प्रत्येक तरुणाच्या उपयोगाचे आहे, म्हणून इथे मांडत आहोत.

साताऱ्याचा वर्ग आणि साताऱ्याचा नळ

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. घरात वाचन होते, शिस्त होती, मुलांच्या शिक्षणाची ओढ होती. म्हणजे आज आपण ज्याला घरचे शैक्षणिक वातावरण म्हणतो ते भीमरावांना मिळाले होते. अडथळा घराच्या बाहेर, शाळेच्या उंबऱ्यावर होता.

निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीहून साताऱ्याला आले. तिथे आई भीमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. हजेरीपटावर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. महाराष्ट्रात हाच दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण त्या दिवशी अभिवादन करतो, फोटो काढतो. पण त्या वर्गात त्या मुलाची जागा कुठे होती, हे आठवून पाहायला हवे.

सरकारी नियमाप्रमाणे त्याला प्रवेश मिळाला होता. फी होती, पुस्तके होती, हजेरी लागत होती. बसायला मात्र घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. वर्गात इतरांपासून लांब तो अंथरायचा आणि संध्याकाळी गुंडाळून घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. तहान लागली तर नळापाशी जाऊन तोटी फिरवायची त्याला मुभा नव्हती. गुरुजींनी परवानगी दिली तरी भागत नसे. शिपायाने येऊन तोटी उघडायची, तेव्हा पाणी प्यायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवला आहे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही सामाजिक अंतर ही संज्ञा शिकलो. साताऱ्याच्या त्या शाळेत हे अंतर फुटपट्टीने मोजता आले असते. गोणपाट आणि पहिली रांग यांच्यामधली जमीन, हात आणि तोटी यांच्यामधली हवा. इमारत सरकारची होती, नळ सरकारचा होता, नियमही प्रवेशाच्या बाजूने होता. तरी दिवसभरातल्या प्रत्येक तासाला जात आपले काम करत होती, कारण दिनक्रम जातीने ठरवलेला होता.

त्याच शाळेत दोन शिक्षकांची आठवण बाबासाहेबांनी आयुष्यभर जपली. आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतली भाकरी-भाजी या मुलाला देत. म्हणजे जेवणासाठी लांब घरी धावत जायची त्याची पायपीट वाचे. दुसरे पेंडसे गुरुजी. एकदा धो धो पावसात भिजून आलेल्या या मुलाला त्यांनी आपल्या घरी पाठवले, गरम पाण्याने अंघोळ घालायला लावली, कोरडे कापड दिले. मोठ्या माणसांच्या चरित्रात या छोट्या गोष्टी म्हणून जातात. शाळा चालवणाऱ्यांसाठी त्या छोट्या नाहीत. मधल्या सुटीत मूल काय खाते आणि पावसात भिजून आलेले मूल कुठे वाळते, हे दोन प्रश्न तेव्हा दोन भल्या माणसांच्या मनावर सोडलेले होते. ते शाळेच्या व्यवस्थेत असायला हवे होते.

परळची एक खोली

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहू लागले. तीच खोली स्वयंपाकघर, तीच माजघर, तीच अभ्यासिका. माणसे जास्त आणि जागा कमी, म्हणून रामजींनी त्यावर वेळापत्रकाचा उपाय काढला. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे. रात्री दोन वाजेपर्यंत वडील जागे राहत आणि मग मुलाला उठवून त्याच जागेवर स्वतः आडवे होत. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, काच नसलेली चिमणी, आणि त्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास. शांतता हवी असेल तर मुंबईच्या चाळीत ती फक्त त्याच वेळी मिळत होती.

एल्फिन्स्टन हायस्कूल हे सरकारी आणि नामांकित. तिथेही एक प्रसंग घडला. गुरुजींनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकदम धावपळ उडाली. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. या मुलाची सावली पडून अन्न विटाळेल म्हणून मुलांनी आधी डबे उचलले, मग गणित सुटले. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली.

शाळा सुटल्यावर वाचायला जागा नव्हती, म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर गेली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर जो सत्कार झाला, त्यात केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात दिले. बुद्धाशी बाबासाहेबांची ओळख अशी झाली. एका बागेतला बाक त्यासाठी पुरला. आपल्या वस्तीतली किती मुले आज रस्त्याच्या दिव्याखाली किंवा देवळाच्या ओट्यावर वाचत असतील, आणि त्यांच्याकडे पाहणारे केळुसकर किती असतील?

एल्फिन्स्टन कॉलेजात बडोद्याच्या महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, प्राध्यापक म्यूलर यांनी पुस्तके दिली. पण कॉलेजच्या खानावळवाल्याने चहा दिला नाही, पाणीही दिले नाही. १९१२ साली ते बी. ए. झाले. साताऱ्यापासून बी. ए. पर्यंत एक गोष्ट सुटली नाही, ती म्हणजे पाणी.

ज्या दारावर जात विचारली नाही

१९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले, नवल भथेना या पारशी तरुणाशी जन्माची मैत्री जुळली. एका टेबलावर जेवण, एका नळाचे पाणी, ग्रंथालयात हवे ते पुस्तक. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारख्या प्राध्यापकांकडे ते शिकले. ड्यूई हे शिक्षणशास्त्रात शाळेकडे समाजजीवनाचे लहान रूप म्हणून पाहणारे विचारवंत. ज्या मुलाला शाळेने समाजाबाहेर बसवले होते, तो अशा शिक्षकाच्या वर्गात बसला.

आम्हाला वाटते की ही तीन वर्षे पदव्यांच्या यादीपुरती वाचणे चुकीचे आहे. आयुष्यात पहिल्यांदाच इमारतीने त्यांना अडवले नाही. अडवले नाही तेव्हा हा विद्यार्थी किती काम करू शकतो, हे जगाने पाहिले. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी दार उघडताना आत जात आणि बंद होताना बाहेर पडत. पोटभर जेवायला पैसे नव्हते. वाचनालय मात्र उघडे होते, उजेड होता, खुर्ची होती. १९२३ पर्यंत लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. आणि बॅरिस्टरची सनद दोन्ही हातात आली.

मधल्या काळात भारतात काय झाले तेही लक्षात ठेवायला हवे. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून हाकलले गेले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर शिक्षकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी पदव्या घेतलेला प्राध्यापक आणि पुन्हा तोच पाण्याचा प्रश्न. शिक्षणाने माणूस बदलतो, पण इमारतीतला रिवाज आपोआप बदलत नाही. तो ठरवून बदलावा लागतो.

आधी वसतिगृह

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत १९२५ सालचे सोलापूरचे वसतिगृह होते. सत्याग्रह पुढे झाले. सुरुवात मुलांच्या राहण्या-जेवण्यापासून झाली.

याचे कारण आकड्यांत होते. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची मुले पुन्हा निरक्षरांत जमा होतात आणि त्यांच्यावरचा खर्च वाया जातो. शाळा काढणे आणि मूल शाळेत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. गावात शाळा नसलेल्या, घरात जागा नसलेल्या, शहरात भाड्याने खोली न मिळणाऱ्या मुलाला टिकवायचे तर त्याला आधी छप्पर, दोन वेळचे जेवण आणि रात्रीचा दिवा लागतो. डबक चाळीतल्या रात्री आठवणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी दलित वर्गाच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तीही हायस्कूलच्या मुलांची वसतिगृहे चालवण्यासाठीच.

त्याच मार्च महिन्याच्या २० तारखेला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. आपण महाड आणि शिक्षण हे दोन वेगळे अध्याय म्हणून वाचतो. साताऱ्याचा नळ डोळ्यांसमोर ठेवला की ते एकच वाटतात.

पुस्तकांसाठी बांधलेले घर

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. नाव घेतले ते मगधाच्या प्राचीन राजधानीवरून. बांधकामात त्यांनी जातीने लक्ष घातले. घराचा आराखडा माणसांइतकाच पुस्तकांसाठी होता. वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि अभ्यासाची जागा, कुटुंब खाली. तिथला संग्रह पुढे सुमारे ५० हजार पुस्तकांपर्यंत गेला. परळच्या खोलीत एका चिमणीखाली शिकलेल्या माणसाने स्वतःसाठी घर बांधले तेव्हा सगळ्यात मोकळी आणि उजेडाची जागा पुस्तकांना दिली.

आमच्या नकाशात वाचनालय जिन्याखाली होते, हे पुन्हा सांगतो. राजगृहासमोर उभे राहून अभिवादन करताना आम्हाला याची लाज वाटली पाहिजे.

१९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पाण्याच्या भांड्याला हात लावू नये म्हणून ज्यांना एका कॉलेजात हरकत घेतली गेली, ते त्याच शहरातल्या सरकारी कॉलेजच्या प्राचार्यांच्या खुर्चीत बसले. कॉलेज कसे चालते, वेळापत्रक कसे बसते, ग्रंथालयाला किती लागते, प्राध्यापक कसे निवडायचे, हा सगळा व्यवहार त्यांनी आतून पाहिला. स्वतःची संस्था काढताना तो अनुभव पाठीशी होता.

सकाळचे कॉलेज

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. स्वतःची इमारत तेव्हा नव्हती. लष्कराच्या मोकळ्या झालेल्या बराकींत वर्ग भरले. फोर्टमधल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारती नंतरच्या. इमारत होईपर्यंत थांबू, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही.

सिद्धार्थची खरी ओळख त्याच्या घड्याळात होती. सकाळी वर्ग भरत, म्हणजे गिरणीत, कचेरीत, दुकानात नोकरी करणारा तरुण आधी कॉलेज करून मग कामावर जाऊ शके. इतर कॉलेजांचे दार अशा तरुणांना उघडेच होते, फक्त ते उघडत होते त्यांच्या कामाच्या वेळेत. वेळ बदलली आणि शेकडो कामगार तरुणांना पदवी आवाक्यात आली. त्यात आपल्या समाजाची मुले होती, तशीच कोकण-देशावरून मुंबईत पोट भरायला आलेली इतर समाजांची मुलेही होती. मागास मुलांसाठी म्हणून वेगळे आणि हलक्या दर्जाचे कॉलेज काढायचे नाही, सर्वांसाठी उत्तम कॉलेज काढायचे आणि त्यात आपल्या मुलाचे स्थान पक्के करायचे, हे धोरण होते. प्राध्यापक निवडतानाही जात आड आली नाही.

वेळापत्रक ही कागदावरची साधी चौकट वाटते. पण कुणाच्या दिवसाचा विचार करून ती आखली, यावर कोण शिकेल आणि कोण सुटेल हे ठरते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल नोव्हेंबरात शाळेतून नाहीसे होते, तेव्हा आपण हजेरीपटावर लाल रेघ मारतो. ते मूल कुठे राहील, याची सोय आपल्या वर्षाच्या आखणीत असते का?

नागसेनवन

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादचे एक सरकारी इंटरमिजिएट कॉलेज सोडले तर या भागात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हती. पदवी हवी तर हैदराबाद गाठायचे, आणि ते परवडणारी घरे मोजकी. बाबासाहेबांनी नेमकी ही जागा निवडली. जून १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ मध्ये आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली.

तोपर्यंत बाबासाहेबांची प्रकृती खालावली होती. मधुमेह होता, पाय दुखत. दिल्लीत कायदेमंत्रिपदाचा आणि हिंदू कोड बिलाचा ताण होता, आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तरीही औरंगाबादला ते वेळोवेळी येऊन राहत, बांधकाम पाहत, जागेवर उभे राहून काय कुठे असावे यात लक्ष घालत. महाविद्यालयासोबत वसतिगृह होते, मोकळी मैदाने होती, झाडे होती. खेड्यातून डोक्यावर वळकटी घेऊन येणारा मुलगा शहरात खोली शोधत फिरणार नाही, आवारातच राहील, जेवेल, वाचेल, अशी ती रचना होती. प्राचार्य म्हणून म. भि. चिटणीस यांच्यासारखा माणूस लाभला. त्यांनी अभ्यासाबरोबर नाटकही आवारात आणले. त्यांचे युगयात्रा हे नाटक बाबासाहेबांनी पाहिले.

महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. मोठा विद्वान, वादात कुणाला हार न जाणारा. भिक्खू नागसेनाला तो प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि पटले की मोकळेपणाने मान्य करतो. शाळा-कॉलेजांना दात्यांची, आईबापांची, पुढाऱ्यांची नावे देण्याची आपली पद्धत. बाबासाहेबांनी नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, आणि ज्या वनात तो बसेल ते उत्तर देणाऱ्याचे. साताऱ्याच्या वर्गात कोपऱ्यात बसवलेल्या मुलाने बांधलेल्या वर्गात विद्यार्थ्याचे काम राजासारखे प्रश्न विचारणे हे ठरले.

मिलिंदपञ्हात रथाचा दृष्टान्त आहे, तो आपल्या सर्वांना माहीत आहे. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजेही रथ नाही. सारे भाग जुळून आले की त्याला रथ म्हणायचे. शाळेचेही तसेच म्हणता येईल. भिंती म्हणजे शाळा नाही आणि कमान तर नाहीच. पाणी, बाक, जेवण, घंटा, वाचनालय, शिक्षकाचे बोलणे हे सारे जुळून आले तर शाळा.

नागसेनवनाजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तिकडे जाणाऱ्या तरुणांनी एक गोष्ट मुद्दाम पाहावी. आपल्या महाराष्ट्रातल्या जुन्या विहारांत मधे मोकळे दालन, भोवती राहायच्या खोल्या, आणि कान्हेरीसारख्या ठिकाणी लेण्यांलगत खोदलेल्या पाण्याच्या पोढी दिसतात. राहणे, शिकणे आणि पाणी यांचा विचार एकत्रच केलेला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला जे सुचले ते आमच्या नकाशात राहून गेले होते.

नागसेनवनाने पुढे काय दिले, हे मराठवाड्याला सांगायला नको. खेड्यापाड्यातली पहिली शिकलेली पिढी इथे घडली. दलित साहित्याच्या चळवळीला म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखी माणसे याच आवारात मिळाली. बाबासाहेबांना ते सारे पाहता आले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला ते गेले. महाविद्यालय तेव्हा सहा वर्षांचे होते.

आमचा नकाशा आता कसा आहे

चरित्र वाचून झाल्यावर आम्ही नकाशा पुन्हा उघडला. या वेळी एका मुलीचा दिवस कागदावर लिहून काढला. सकाळी ती कोणत्या वाटेने येते, भिजली तर कुठे थांबते, तहान लागली तर किती पावले चालते, पाळीच्या दिवसांत तिची सोय काय, मधल्या सुटीत कुणाशेजारी बसते, घंटा झाल्यावर घरी दिवा नसेल तर कुठे वाचते. मग खोल्या त्या दिवसाभोवती बसवल्या.

पिण्याचे पाणी इमारतीच्या मध्यभागी आले, पहिलीच्या मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. मुलींची स्वच्छतागृहे वर्गांच्या जवळ आली. वाचनालय तळमजल्यावर, उत्तरेच्या उजेडात आले. त्याला बाहेरून वेगळे दार दिले, म्हणजे शाळा सुटल्यावर रात्री नऊपर्यंत ते वस्तीतल्या कुठल्याही मुलाला उघडे ठेवता येईल. दर आठवड्याला बाकाची जागा बदलायची, म्हणजे मागचा बाक कुणाच्याच नावावर राहणार नाही. जेवायला सगळ्यांनी, शिक्षकांसह, एकाच पंगतीत बसायचे. झाडलोटीची पाळी नावांच्या क्रमाने सर्वांना, मुलांना, मुलींना आणि गुरुजींनाही. दिवसाचा शेवटचा अर्धा तास फक्त प्रश्नांचा, त्यात शिक्षकाने नवे काही शिकवायचे नाही. मधल्या सुटीत कोण एकटे बसते, याची नोंद वर्गशिक्षकाने हजेरीसारखी रोज ठेवायची.

या सगळ्यासाठी कमान गेली. पुतळा नंतर बसवू, आधी वाचनालयाची कपाटे भरू, असे ठरले. हे सोपे गेले नाही. कमानीसाठी वर्गणी देणाऱ्या दोघांनी पैसे परत मागितले, आणि ते आम्ही दिले. पुतळा मागे ठेवणे म्हणजे बाबासाहेबांचा अवमान, असेही काहींनी ऐकवले. ज्या ज्येष्ठांनी आयुष्यभर निळा झेंडा खांद्यावर घेतला त्यांना दुखावून आम्हाला आनंद झालेला नाही. पुतळ्यासाठी आपल्या समाजाने मार खाल्ला आहे, रक्त सांडले आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण ज्या आवारात वाचायला खोली नाही तिथे हातात पुस्तक घेतलेला पुतळा कोणत्या तोंडाने उभा करायचा, याचे उत्तर आम्हाला सापडले नाही. दोन कुटुंबे अजून आमच्याशी बोलत नाहीत. काम थांबलेले नाही, जोत्यापर्यंत आले आहे.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्या शाळेत आपलीच मुले आहेत, इथे कुणी कुणाला लांब बसवणार नाही, असे आम्ही गृहीत धरले होते. पण आपल्यातही पोटजाती आहेत. वस्तीच्या कडेला पाल ठोकून राहणारी भटकी कुटुंबे आहेत, सफाईचे काम करणारी घरे आहेत, चालता न येणारी मुले आहेत. त्यांचे गोणपाट आज आपल्या डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक असू शकतो.

म्हणून गावोगावी शाळा, अभ्यासिका, वसतिगृह किंवा विहारातला संस्कारवर्ग उभारणाऱ्या मित्रांना आमचे सांगणे आहे की येत्या ७ नोव्हेंबरला अभिवादन झाल्यावर अर्धा तास आपल्याच इमारतीत फिरा. नळापासून सुरुवात करा. तो कुणाच्या हाताला पोहोचत नाही, वाचनालयाचे कुलूप किती वाजता लागते आणि दाराजवळच्या शेवटच्या जागेवर रोज कोण बसते, ते पाहून लिहून ठेवा. पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच घ्या.

जय भीम.